सव्वीस ठिपक्यांनी पूल ओलांडला

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दाताचे डॉक्टर आमच्या नकाशा विभागात शिरले ते काखेत दोन गुंडाळ्या मारूनच. हे डॉक्टर म्हणजे शहरातल्या सायकल मंडळाचे अध्यक्ष. खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसाशी ते फार गोड बोलतात असं ऐकून आहे. उभ्या माणसाशी बोलताना मात्र त्यांचा आवाज चढलेलाच असतो. त्यांनी माझा चहा बाजूला सारला आणि गुंडाळ्या माझ्या टेबलावर उलगडल्या.

दोन्ही नकाशे एकाच पुलाचे होते. आमच्या शहराच्या मधोमध नदी आहे. तिच्यावरच्या जुन्या पुलाचं एक टोक बाजारात उतरतं, दुसरं मोठ्या हॉस्पिटलपाशी. जिथे सायकलवाला पडला किंवा त्याला कुणी उडवलं, तिथे एक लाल ठिपका, असा हा नकाशा. पहिला होता आधीच्या चार वर्षांचा. बाजाराच्या टोकाला एक्क्याऐंशी ठिपके, हॉस्पिटलच्या टोकाला सात. दुसरा गेल्या चौदा महिन्यांचा, कालच छापलेला. त्यात बाजाराच्या टोकाला दोन आणि हॉस्पिटलच्या टोकाला सव्वीस.

"मी रोज त्या पुलावरनं सायकलनं येतो," डॉक्टर म्हणाले. "माणसं पडतात ती बाजाराच्या उतारावर. मग हे ठिपके नदी ओलांडून पलीकडे कसे गेले? पोहत गेले का?"

कोपऱ्यातल्या संगणकामागून आमची ठिपकेवाली उठून उभी राहिली. हे नाव तिला आम्हीच ठेवलं होतं. तीन वर्षं ती एकटी बसून शहरातल्या नव्या-जुन्या सायकल अपघातांचे ठिपके नकाशावर मांडत होती. पुलाच्या बाजाराकडच्या उतारावर कठडा घालून सायकलींची वेगळी वाट करावी, हा प्रस्ताव तिचाच. गुरुवारी तीन वाजता समितीपुढे त्याचा निकाल लागायचा होता, आणि ताज्या नकाशाप्रमाणे बाजाराच्या टोकाला आता धोकाच उरला नव्हता.

आवाज ऐकून आमचे साहेब केबिनबाहेर आले. डॉक्टरांनी ठिपकेवालीकडे बोट केलं.

"सायकलवाटेला विरोध कोणाचा? बाजारातल्या दुकानदारांचा. त्यांच्या संघाचा सचिव कोण? त्या टोकाचा सोफेवाला. आणि हा सोफेवाला हिचा कोण लागतो, ते विचारा हिलाच."



"सख्खा दीर," ती म्हणाली.

२

साहेब माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. त्यांनी सांगून टाकलं, "गुरुवारी तीनच्या आत या ठिपक्यांचा उलगडा झाला नाही, तर दोन्ही नकाशे रद्द आणि प्रस्ताव मागे. आणि तुम्ही, बाई, या कामावरून बाजूला." मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "खात्याबाहेरचं कुणीतरी हवं. पण नकाशातलं कळणारं."

मला एकच माणूस आठवला. माझी थोरली बहीण, आमची आक्का. मोजणी खात्यात तिने चौतीस वर्षं काढली. लोखंडी साखळी ओढत शेतंच्या शेतं मोजली, म्हणून सगळा तालुका तिला साखळीबाई म्हणायचा. एकदा मोजलेलं पुन्हा मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही तिची खोड. या खोडीपायी तिच्या तीन बदल्या झाल्या आणि सही तरीही वेळेवर झाली नाही. मी आता छप्पन्न वर्षांचा आहे, डोक्यावर चार केस उरलेत, पण तिच्या लेखी मी बाळ्याच.

दुपारी ती आली, पंख्याखालची खुर्ची सोडून ठिपकेवालीशेजारच्या स्टुलावर बसली.

"मला काही येत नाही असं समज आणि दाखव," ती म्हणाली.

ठिपकेवाली आधी चाचरली, मग रंगात आली. मी शाईचा माणूस. पारदर्शक कागदावर हाताने रेघा मारण्यात माझी हयात गेली. या संगणकावरच्या नकाशाला मी बरीच वर्षं नाकं मुरडली. पण ती पोरगी थर उलगडायला लागली की मी गप्प बसतो. खाली रस्त्यांचा थर. त्यावर चढ-उताराचा. त्यावर दिव्याच्या खांबांचा, मग उभ्या गाड्यांचा, मग वाहनांच्या वेगाचा, आणि सगळ्यात वर ठिपके. एकेक थर काचेसारखा आरपार. माणूस कुठे पडला हे ठिपका सांगतो, आणि का पडला हे खालचे थर सांगतात. पूर्वी हे समजायला वर्षानुवर्षं त्या रस्त्यावर राबलेला हवालदार लागायचा. तिने ते पडद्यावर आणलं होतं. मी हे तिला कधी तोंडावर बोललो नाही, ही माझी चूक.

"हे बघा, बाजाराचं टोक. पुलावरनं उतार आहे, सायकल वेगात येते. उतार संपतो तिथेच टेम्पो उभे असतात. त्यांना चुकवायला सायकलवाला मध्ये घुसतो. म्हणून इथे ठिपके. पटतं. आणि हे हॉस्पिटलचं टोक. सपाट, रुंद, दर वीस पावलांवर दिवा." तिने हात खाली ठेवले. "इथे सव्वीस माणसं का पडावीत, ते मलाही पटत नाही आक्का. पण चौकीच्या वहीत जे येतं तेच मी मांडते."

"वहीत काय येतं?"

"पुलाच्या अलीकडे, नाहीतर पुलाच्या पलीकडे. पहिल्याच दिवशी मी चौकीत जाऊन विचारलं होतं, अलीकडे म्हणजे नक्की कुठे? हवालदारकाकांनी दारातनं बोट दाखवलं. म्हणाले, हे काय समोर, बाजाराचं टोक."

"त्यानंतर गेलीस कधी?"

"नाही. दर महिन्याला पानांचे फोटो येतात मोबाईलवर."

 आक्काने चष्मा पुसला.

"या ठिपक्यांना स्थळाप्रमाणे रंग नको देऊ," ती म्हणाली. "तारखेप्रमाणे दे."

ठिपकेवालीने चार कळा दाबल्या. जुने ठिपके निळे झाले, नवे लाल. आणि आम्ही तिघंही पुढे वाकलो. बाजाराच्या टोकाचे निळे एका आठवड्यात थांबले होते. त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या टोकाला लाल सुरू झाले होते.

"एका आठवड्यात," आक्का म्हणाली, "अख्ख्या गावाने पडायची जागा बदलली."

३

या प्रणालीत एक सोय आहे. ठिपका कोणी ठेवला, कधी ठेवला, नंतर हलवला का, याची आपोआप नोंद राहते. साहेबांनी ती काढायला लावली. सव्वीसपैकी एकही ठिपका एकदा ठेवल्यावर कुणी हलवलेला नव्हता.

मी सुटकेचा श्वास टाकला. "झालं की! पोरीने काही हलवलं नाही."

"उलट आहे," साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. "कुणी हलवले असते तर चोर दुसरा असता. ठिपके पहिल्यांदाच तिथे ठेवले गेलेत, आणि ठेवणारी एकच आहे."

ठिपकेवाली पर्स उचलून उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "घरी भाऊजी समोर बसतात जेवायला. वर्षभर आम्ही पुलाचा विषय काढलेला नाही. त्यांना वाटतं मी त्यांच्या दुकानावर उठलेय. इथे वाटतं मी त्यांना सामील आहे. मी नक्की कुणाची, ते मला तरी सांगा कुणी." आणि ती निघून गेली.

 आक्का मात्र पिशवी खांद्याला लावत होती.

"चल बाळ्या. ती वही बघू."

४

आमचं ऑफिस बाजाराच्या बाजूला. आम्ही सगळा पूल चालत ओलांडला आणि पलीकडच्या वाहतूक चौकीत पोचलो. एका खोलीची चौकी, पण आरशासारखी लख्ख. टेबलामागे लेखनिक हवालदार बसला होता. मिशा पांढऱ्या, पेन निळं, समोर जाडजूड नोंदवही.

"अकरा वर्षं मीच लिहितोय," तो म्हणाला. "एक खाडाखोड दाखवा, पेन ठेवून देतो."

आक्काने पानं उलटली. खरंच, अक्षर असं की मुलांना गिरवायला द्यावं. वेळ, वाहन, जखमीचा फोन, जागा. जुन्या पानांवर ओळीमागून ओळ 'पुलाच्या अलीकडे'. ताज्या पानांवर ओळीमागून ओळ 'पुलाच्या पलीकडे'.

म्हणजे पोरीने वहीबरहुकूमच ठिपके मांडले होते. ती सुटली! पण मग वहीतच जागा का बदलली?

"चौदा महिन्यांपूर्वी लिहायची पद्धत बदललीत का?" आक्काने विचारलं.

हवालदार दुखावला. "बाई, अकरा वर्षांत मी शब्दही बदललेला नाही. जसं पहिल्या दिवशी लिहीत होतो, तसंच आज लिहितो."

"जागा प्रत्यक्ष पाहून लिहिता?"

"प्रत्येक वेळी. वर्दी आली की दारात येतो, बघतो, धावतो, आणि परत येऊन लिहितो. कुणाचं ऐकून एक ओळ लिहिली नाही." आणि तो खरंच बोलत होता. खोटं बोलणारा माणूस इतका रागावत नाही.

निघताना माझं पेन खाली पडलं. उचलायला वाकलो तर टेबलाच्या आतल्या बाजूला एक गोल छाप दिसला. मी तो वाचला आणि आक्काला खुणेने बाहेर बोलावलं.

"आक्का, हवालदाराचं टेबल सोफेवाल्याच्या दुकानातलं आहे. छापावर महिना आहे. चौदा महिन्यांपूर्वीचा."

५

सोफेवाला, म्हणजे ठिपकेवालीचा दीर, पुलाच्या उताराच्या पायथ्याशी काचेच्या दुकानात बसला होता. हसरा, गोलमटोल माणूस. आम्हाला त्याने सर्वांत मऊ सोफ्यावर बसवलं, तर आक्का त्यात इतकी खोल गेली की तिला हाताला धरून काढावं लागलं. मग ती काउंटरच्या कडेला उभीच राहिली. तिथे पाण्याचा माठ होता आणि प्रथमोपचाराची पेटी. पेटीत पट्ट्या अर्ध्या संपलेल्या, औषधाची बाटली तळाला गेलेली.

"कारागिरांना लागतं का फार?" तिने विचारलं.

"कारागीर इथे नसतात, कारखान्यात असतात," तो म्हणाला आणि विषय बदलून चहाचं विचारलं.

"चौकीला टेबल तुम्ही दिलंत?"

"दिलं की! टेबल आणि दोन खुर्च्या. संघाच्या वतीने. त्यात लपवायचं काय? नवी चौकी थाटली, तिथे बसायला स्टूल नव्हतं बिचाऱ्यांना."

"त्या बदल्यात हवालदाराने काय दिलं?"

त्याचं हसू मावळलं. "बघा बाई, माझा सायकलवाटेला विरोध आहे. उघड आहे. कठडा घातला तर माझा टेम्पो कुठे उभा करू? पण वहिनीच्या कामात मी बोट घातलेलं नाही. तिच्या नकाशात जे आलं ते आपसूक आलं. मी फक्त…" तो थांबला.

"तुम्ही फक्त काय?"

"काही नाही. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. बाहेर पडताच मी म्हणालो, "आक्का, हाच तो! टेबल देऊन वही फिरवली."

आक्का मात्र पुलाकडे बघत उभी होती. "नवी चौकी," ती पुटपुटली. मग एकदम माझं मनगट धरलं. "बाळ्या, चल. परत पुलावर."

६

उतारापाशी तिने मला उभं केलं.

"बाजार कुठे आहे?"

"हा काय पाठीमागे."

"तसं नाही. पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे," मी म्हणालो. हे काय विचारणं झालं!

तिने मला पूल ओलांडायला लावला. माझे गुडघे कुरकुरत होते. हॉस्पिटलच्या फाटकापाशी, चौकीच्या दारात, तिने मला पुन्हा बाजाराकडे तोंड करून उभं केलं.

"आता सांग. बाजार कुठे?"

"पुलाच्या पलीक…" 

आक्का चौकीत शिरली. हवालदार नुकताच जेवायला बसला होता.

"काका, तुमची चौकी आधी कुठे होती?"

"बाजाराच्या टोकाला. छत गळायला लागलं, वह्या भिजायच्या. म्हणून इकडे हलवली. झाले की चौदा महिने."

 कुणी टेबल खाल्लं नव्हतं, कुणी ठिपका हलवला नव्हता. हलली होती ती खुर्ची. अकरा वर्षं हवालदार आपल्या खुर्चीतून बघून लिहीत होता. त्याच्या बाजूचं ते अलीकडे, समोरचं ते पलीकडे. खुर्ची नदीच्या दुसऱ्या काठावर गेली, आणि तो पूर्वीइतकंच खरं लिहीत राहिला. त्याने शब्द बदलले नाहीत, त्यांचा अर्थच बदलला. आणि तिकडे ठिपकेवाली चौकीत पुन्हा न जाता, फोटो वाचून, 'पलीकडे' दिसलं की ठिपका हॉस्पिटलपाशी ठेवत राहिली.

आक्काने हवालदाराला हे समजावलं. 

"म्हणजे मी लिहिल्यामुळे…" तो म्हणाला आणि डबा झाकून बाजूला ठेवला.

ऑफिसात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटलं, हे दिसत होतं. तरी ते मान हलवत राहिले.

"समिती म्हणेल, शब्दांचे खेळ करून हवे तिथे ठिपके आणताय. आधीच दिराचं प्रकरण. अंदाज नको, पुरावा आणा. उद्याचा दिवस आहे तुमच्याकडे."

७

बुधवारी सकाळी ठिपकेवालीला आम्ही घरून बोलावून घेतलं. ऐकता ऐकता तिने कपाळावर हात मारून घेतला. "एकदा, एकदा जरी मी तो पूल चालत गेले असते!" मग डोळे पुसून तिने वहीचे फोटो काढले. जखमींचे फोन नंबर होते.

"विचारू या," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू या."

"पण अलीकडे-पलीकडे विचारू नकोस," आक्का म्हणाली. "डावं-उजवंही नको. फक्त एवढंच विचार, पडल्यावर डोळे उघडले तेव्हा समोर काय दिसलं?"

चौतीस वर्षं साखळी ओढलेल्या बाईलाच असा प्रश्न सुचतो. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

सव्वीसपैकी एकोणिसांचे नंबर होते. एका फोनवर ठिपकेवाली, एकावर मी. सोळा जणांनी फोन उचलले. पहिली एक नर्स होती. म्हणाली, "समोर? लाल रंगाचा सोफा. काचेतला. मला वाटलं मी घरीच झोपलेय." दुसरा पोस्टमन. "सोफ्याचं दुकान." तिसरी संगीताची शिक्षिका. "सोफे. आणि एक टेम्पो, अगदी नाकासमोर." एकजण बेशुद्ध होता, त्याला काही आठवेना. बाकी पंधरांच्या तोंडी सोफाच. मग आक्काने ताज्या वहीतले 'अलीकडे' पडलेले ते दोघेही शोधायला लावले. त्यातला एक सापडला. "समोर हॉस्पिटलची पाटी होती," तो म्हणाला, "म्हटलं, सोय बरी आहे." खुर्चीचा हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला.

मला नाचावंसं वाटत होतं. ठिपकेवाली मात्र फोन ठेवून आपली वही पुन्हा वाचत होती. तिच्या वहीत एक वाक्य पुन्हा पुन्हा उतरलं होतं. नर्स म्हणाली होती, दुकानातल्या जाड्या भाऊंनी पाणी दिलं. पोस्टमन म्हणाला, त्यांनी पट्टी बांधली, सायकल चार दिवस सांभाळली. शिक्षिका म्हणाली, देवमाणूस आहे हो तो.

"काका," ती मला म्हणाली, "भाऊजींनी यांना स्वतःच्या हाताने उचललंय. माझा नकाशा चुकलाय हे त्यांना तो पाहताक्षणीच कळलं होतं."

आक्का खिडकीपासून वळली. "अलीकडे-पलीकडे ही चूक झाली. यात गुन्हा असेल तर तो हा आहे, माहीत असून गप्प बसणं."

"उद्या समितीत मी त्यांचं नाव घेतलं तर घर फुटेल. नाही घेतलं तर…" ती म्हणाली.

"तू फक्त नकाशा दाखव," आक्का म्हणाली.

८

गुरुवारी तीनला समितीची खोली भरली. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई, भिंतीपाशी डॉक्टर, समोरच्या रांगेत दुकानदार संघाचा सचिव, सोफेवाला. ठिपकेवालीने नकाशा टेबलावर पसरला आणि चूक कशी झाली ते सांगायला लागली. तिने "माझी चूक" म्हणताच मागून खुर्ची सरकली. गणवेश इस्त्री करून आलेला हवालदार उभा राहिला.

"चूक माझी आहे. चौकी हलली तेव्हा मी कळवायला पाहिजे होतं."

"नाही काका, तुम्ही बरोबर लिहिलंत. मी बसल्या जागी वाचलं."

"बाई, वही माझी आहे."

"आणि नकाशा माझा आहे."

रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत, पण गुन्हा आपल्याच अंगावर घ्यायला भांडणारे दोन संशयित मी पहिल्यांदा पाहिले. डॉक्टरांनी उठून, खाली मान घालून, ठिपकेवालीची माफी मागितली. उभ्या माणसाशी ते इतकं हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"हे सगळं ठीक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण फोनवरच्या बोलण्याला पुरावा कसं म्हणू?"

तेवढ्यात दार उघडलं. नर्स आत आली. तिच्यामागे पोस्टमन, एक पाय जरा ओढत. मग संगीताची शिक्षिका, मग आणखी, एकामागून एक. एकूण अकरा जण. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. काल आम्ही फक्त प्रश्न विचारला होता, आणि मीटिंग कधी आहे हे त्यांनी आपणहून विचारून घेतलं होतं. कुणी अर्धी रजा टाकून आलं होतं, कुणी सायकलवरून.

अध्यक्षबाई क्षणभर गोंधळल्या. मग नकाशा पुढे सरकवून म्हणाल्या, "दाखवा मग. कुठे पडलात?"

नर्सने बाजाराच्या उताराच्या पायथ्याशी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली. पोस्टमनने तिच्या बोटाला लागून आपलं ठेवलं. शिक्षिकेने वाकून तिसरं. आठव्या माणसाला बोट ठेवायला कागद उरला नाही, त्याने ते पोस्टमनच्या नखावर टेकवलं. टेबलाभोवती माणसांचं कोंडाळं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

"आणि हेच ते भाऊ!" नर्स एकदम म्हणाली. तिने पहिल्या रांगेत सचिवांना ओळखलं होतं. "अहो, यांनीच उचललं मला!" पोस्टमनने मोकळ्या हाताने नमस्कार केला. शिक्षिका कौतुकाने हसली. त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की हा माणूस तिथे कशासाठी बसला आहे.

सोफेवाल्याला शिव्या घातल्या असत्या तर त्याने उत्तर दिलं असतं. या नमस्काराला त्याने मान खाली घातली. ठिपकेवालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याचं नाव घेतलं नाही. ती नुसती नकाशाची सळसळणारी कड दाबून उभी होती.

तो उठला. टेबलापाशी आला. बोटांच्या त्या गर्दीकडे बघत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे एवढेच नाहीत."

"म्हणजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चौकीत जातात ते मोठे. खरचटलेले, मुका मार लागलेले, ते कशाला जातील? ते माझ्याकडे येतात. पाणी पितात आणि जातात. आठवड्याला एक तरी." तो ठिपकेवालीकडे वळला. "मला टेम्पोची जागा हवी होती. मी गप्प बसलो. मागच्या महिन्यात एका बाईच्या कॅरिअरवर मूल होतं. त्या दिवशीसुद्धा मी काही बोललो नाही."

 अध्यक्षबाईंनी प्रस्तावाचा कागद ओढला आणि सही केली. साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढ्यातले कागद हलले. मी ठिपकेवालीकडे बघत होतो. ती आता काय करेल, याची मला धास्ती वाटत होती. आपल्याला चोर ठरवू देणाऱ्या माणसाला ती काय बोलणार होती?

तिने शेजारची खुर्ची ओढली. लॅपटॉप जवळ घेतला आणि नकाशावर एक नवा, कोरा थर उघडला.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "पहिला कधीचा आठवतो?"

तो बसला, आणि सांगू लागला.